गुरुवारची वाटणी

८ जानेवारी, गुरुवार

जास्मीन मॅडमनी सांगितलं म्हणून लिहितोय. नाहीतर माझा आणि लिहिण्याचा संबंध बिल फाडण्यापुरता. "कोण काय बोललं, काय ठरलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा, प्रणितभाऊ. पुढे दोघांची याददाश्त वेगवेगळी चालते," असं त्या म्हणाल्या. सिमेंटवाल्याने नवीन वर्षाची डायरी दिली होती, तिचं नशीब उघडलं.

तर मी प्रणित घरत, मूळ गाव गव्हाण, राहायला उलव्याला, धंदा रेती-विटा-खडी पुरवण्याचा. माझी बायको मनिषा दोन वर्षांपूर्वी घर सोडून कळंबोलीला राहायला गेली. मोठं भांडण असं काही झालं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. एका रविवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "मी जाते आता." मला वाटलं बाजारात जाते. मी म्हटलं, येताना सुकट आण.

आता दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचा ठरलाय. म्हणून वकीलही दोघांत एकच, खर्च कमी. मॅडमचं ऑफिस पनवेलला, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. मनिषा एका लोखंडवाल्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिते, तिला गुरुवारी दुपारनंतर मोकळीक असते, म्हणून बसायचं ते गुरुवारी. पोरबाळ नाही हे मॅडमनी आधीच विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "मग वाटणी आसान आहे." मी मान हलवली. मनिषा खिडकीबाहेर बघत होती.

वाटायचं काय? उलव्याचा फ्लॅट, दोघांच्या नावावर. त्याचं कर्ज, तेही दोघांच्या नावावर. आणि डंपर. मला वाटत होतं कायदा सरळ मधोमध रेघ मारत असेल. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडे तसं काही नाही. ज्याच्या नावावर त्याचं. बाकी दोघांनी बसून ठरवायचं, लिहून द्यायचं, कोर्ट ते मान्य करतं. हे ऐकून माझं डोकंच फिरलं, कारण डंपर मनिषाच्या नावावर आहे.

तो तिच्या नावावर कसा गेला ते सांगतो, म्हणजे अन्याय कळेल. विमानतळाच्या भरावाचं काम निघालं तेव्हा आमचा कंत्राटदार एका नावावर एकच गाडी लावून घ्यायचा. माझ्या नावावर एक होतीच. मग सगळ्यांनी केलं तेच मी केलं, दुसरी बायकोच्या नावावर घेतली. त्या काळात गव्हाणपासून उलव्यापर्यंत निम्म्या डंपरांच्या मालकिणी घरात मासे तळत होत्या. मनिषाने कागदांवर सह्या केल्या. मी पेन्सिलने फुल्या मारून दिल्या होत्या, इथे, इथे आणि इथे. काचेवर मोठ्या अक्षरांत 'मनिषा' लिहून घेतलं, नारळ फोडला, बाई खूश.

पुढे भराव संपला. माझी गाडी विकली गेली, हिची उभी राहिली. हप्ते थकले आणि फायनान्सवाल्यांचे फोन हिला जाऊ लागले, कारण कर्जही हिच्याच नावावर. घर सोडल्यावरही फोन हिलाच. मग गेल्या वर्षी एक दिवस ही आमच्या रामू ड्रायव्हरला घेऊन आली आणि डंपर कळंबोलीला घेऊन गेली. ट्रक टर्मिनलला लावला, माती-खडीची भाडी मारते, हप्ते भरते. म्हणजे घरातून निघताना बाईने एक बॅग नेली आणि वर्षभराने दहा चाकं नेली.

डंपर मला हवा. बाकी तिला काय पाहिजे ते घेऊ दे. पहिल्या दिवशी एवढंच बोलणं झालं. निघताना तिला स्कूटरवर कळंबोलीला सोडलं. मध्ये पर्स ठेवून बसली होती.

१० जानेवारी

काही घडलं नाही. डोक्यावरून विमानं जातात. सुरुवातीला मोजायचो, आता तेही सोडलं. जेवणाला एकच ताट लागतं, तेच धुवायचं, तेच वापरायचं.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत झाली. मनिषा डबीतून तिळगूळ घेऊन आली होती. मॅडमना दिला, त्यांच्या शिपायाला दिला, मग माझ्यापुढे डबी धरली. "तिळगूळ घ्या," म्हणाली. पुढचं अर्धं म्हणाली नाही.

आज फ्लॅट. मला वाटलं होतं इथे घोडं पेंड खाणार. पण ती म्हणाली, "फ्लॅट नको मला. हक्कसोड करून देते." हा शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतो. सिडकोचे प्लॉट आले की बहिणी भावांना हक्कसोड सही करून देतात, नवी साडी घेतात आणि सासरी जातात. मनिषानेही तिच्या भावांना दिली होती. आज हसून म्हणाली, "एक भावांना दिली, आता एक तुमाला. माझी साडी कुठंय?" मॅडम हसल्या, मीही हसलो. ती पूर्वी घरात अशीच बोलायची, मासे साफ करता करता.

मग मॅडमनी त्यावर पाणी ओतलं. "फ्लॅट सुटेल, पण कर्ज सुटत नाही, मनिषाताई. बँकेपुढे तुम्ही दोघं कर्जदार. घर मोडलं की राहिलं, याच्याशी बँकेला मतलब नाही. यांनी हप्ता चुकवला तर वसुली तुमच्याकडे. तुमचं नाव काढायचं तर बँक एकट्या यांची कमाई बघणार."

अजून चौदा वर्षं आहेत त्या कर्जाची. म्हणजे घटस्फोट झाला तरी बँकेच्या कागदावर आम्ही चौदा वर्षं जोडीनेच. मला त्यात काही वाईट दिसलं नाही. मनिषाने मात्र तोंड पाडलं.

२२ जानेवारी, गुरुवार

आज डंपर. दणकून भांडलो.

मी म्हटलं, गाडी मी पसंत केली, मी घासाघीस केली, तू आयत्या बिळावर नागोबा. मॅडमपुढे ती एरवी बँकेतल्या बाईसारखी बोलते, 'नाही', 'आहे', सगळं जिथल्या तिथे. पण आज उसळली. "नाय देनार! फायनान्सवाला दारात येऊन शिव्या देत होता तेव्हा कुठं होता तुमी? तेव्हा नाय सांगितलं, गाडी माझी हाय म्हनून! हप्ते मी भरले, टायर मी घातले. मला इचारून तरी कधी काय केलंत?"

मी म्हटलं, सह्या कोणी केल्या होत्या?

"फुल्या कोनी मारल्या होत्या?"

मॅडमनी टेबलावर पेन आपटलं. "कागदाने बघाल तर गाडी यांची, कर्जही यांचं. तुमचा दावा टिकणार नाही, प्रणितभाऊ. आणि हे एक ठरेपर्यंत मी अर्ज टाइप करू शकत नाही." मी म्हटलं, मग नका करू, मला काही घाई नाही. पुढच्या गुरुवारी बसू.

भांडण झालं तरी स्कूटरवर बसली. उड्डाणपुलाखाली वारा होता, पदर सावरायला तिने एकदा माझ्या खांद्याला धरलं. घरी येऊन मी अंघोळ केली, रेडिओ लावला, दोन ताटं काढली आणि मग एक परत ठेवलं. का कोण जाणे, आजचा दिवस बरा गेला.

२४ जानेवारी

कळंबोलीला एका गिऱ्हाईकाकडे काम होतं, म्हणून टर्मिनलला चक्कर मारली. खरं तर काम नेरूळला होतं. पण वकिलाने खरं लिहायला सांगितलंय.

डंपर ओळखूच येईना. पत्रा ठोकून घेतलाय, टायर नवे, केबिनमध्ये धुतलेली सीटकव्हरं, पुढे एकविरा आईचा फोटो आणि ताजं फूल. काचेवर 'मनिषा' तेवढं माझं, मी लिहून घेतलेलं. रामू चाकाखाली लाकूड लावत होता. रामू आमच्याच गावचा, वयाने माझ्याहून मोठा, पण मला दादा म्हणतो.

"वयनी रोज सकाळी कामावर जायच्या आधी येतात," तो म्हणाला. "डिझेल बघतात, फूल ठेवतात. आता चालवतात पन, दादा."

"काय चालवतात?"

"गाडी. हितंच, आवारात. रविवारी गाड्या कमी असतात तेव्हा. लायसनचं बघतात. पहिल्यांदा गिअर पडला ना, लहान पोरीसारख्या हसल्या."

मी पंधरा वर्षं तिच्याबरोबर संसार केला. स्कूटर शिकवतो म्हटलं तर भीती वाटते म्हणायची. म्हणजे म्हणाली असावी. मी तसं विचारलं होतं की नाही ते आता आठवत नाही. रामूने चहा दिला, त्यात साखर जास्त होती.

२९ जानेवारी, गुरुवार

मॅडमचा सकाळीच फोन, अलिबागला तारीख आहे, आज बसायचं नाही. मी दाढी करून बसलो होतो, इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटाघाटीला माणसाने नीट दिसलं पाहिजे, समोरच्याला वाटू नये हा खचलाय. कपडे घातलेच होते म्हणून पनवेलला गेलो. ऑफिसला कुलूप होतं. कोर्टासमोरच्या टपरीवर चहा प्यायलो, आम्ही गुरुवारी पितो तोच. टपरीवाल्याने सवयीने दोन कप भरले. दोन्ही प्यायलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

डंपरवर गाडी पुढे सरकेना, म्हणून मी विळीचा मुद्दा काढला. मनिषा घरातून गेली त्या बॅगेत तिने विळी नेली होती, हे मला महिनाभराने कळलं. बायका दागिने नेतात, हिने विळी नेली. मी म्हटलं, ती स्वयंपाकघराची वस्तू, फ्लॅट माझा तर विळी माझी.

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "माहेराहून आली असेल तर ते स्त्रीधन. त्याला कोणी हात लावू शकत नाही."

"आईची हाय ती," मनिषा म्हणाली. मग थोड्या वेळाने, "असू दे. हवी तर देते. पण हे शेवटचं ना?"

मी म्हटलं, बघू.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वर्तमानपत्रात गुंडाळून विळी घेऊन आली. पात्याला धार लावून आणली होती. मी घरच्या पाट्या-वरवंट्याचा विषय काढला, तो तिने नेलेला नाही, पण तिला हवा असेल तर बोलून घ्यावं म्हटलं. नको म्हणाली. लग्नाच्या अल्बमचं विचारलं, तेही नको. हळदीच्या दिवशी अख्खं गव्हाण नाचलं होतं, त्याचे फोटो आहेत त्यात. मी म्हटलं, निम्मे घे. मॅडम म्हणाल्या, "प्रणितभाऊ, मी घड्याळ लावून फी घेत नाही म्हणून तुम्ही किती बसाल?"

१४ फेब्रुवारी

विळी आली म्हणून मोठ्या हौसेने बाजारातून जिताडा आणला. आमच्याकडे जिताडा म्हणजे जावयाचा मासा, घरात आला की वासाने शेजारी विचारायला येतात. कोळीण म्हणाली, कापून देते. मी म्हटलं नको, घरी विळी आहे.

पण विळीवर मासा मी जन्मात कापलेला नाही. पाय कुठे ठेवायचा, मासा कसा धरायचा, काही कळेना. खवले सगळ्या ओट्यावर उडाले, बोट कापलं. शेवटी पिशवीत भरून खाली वॉचमनला दिला. तो बिहारचा, खूश झाला. मी फरसाण खाल्लं. आज फार एकटं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण त्याच दिवशी लिहायचं असं ठरलंय.

३ मार्च

शिमग्याला गव्हाणला आलोय. होळी मोठी पेटली, पोरांनी बोंबा मारल्या, सगळे आपापल्या बायकांना घेऊन नैवेद्य दाखवायला आले. लोक मला विचारत नाहीत, बघतात फक्त.

परवा पनवेलच्या बाजारातून एक साडी घेतली होती, जांभळी, बारीक काठाची. मनिषाने मागितली म्हणजे देणं आलं, उगाच बोल नको. आईला दाखवली. आईने हातात घेऊन काठ चाचपला.

"कोनाला?"

मी सांगितलं, मनिषा फ्लॅटची हक्कसोड करतेय, त्याची.

"हक्कसोडीची साडी बहिनीला देतात रे! बायकोला देतंस? ती काय तुजी बहीन हाय?" आईने साडी माझ्या मांडीवर टाकली. मग होळीकडे बघत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आनि डंपर घेऊन कुठं जाशील? बाजूला बसायला तर कोन नाय."

आईला धंद्यातलं काही कळत नाही. डंपरमध्ये बाजूला क्लीनर बसतो.

५ मार्च, गुरुवार

मनिषाने बँकेचं उत्तर आणलं. एकट्या माझ्या कमाईवर एवढं कर्ज बसत नाही, म्हणून बँक तिचं नाव काढणार नाही. माझ्याकडे चालू गाडी असती, तिची भाडी माझ्या खात्यात दिसली असती, तर विचार केला असता, असं मॅनेजर म्हणाला म्हणे.

चहाला बसलो. तिने कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही. म्हणाली, "चौदा वर्षं. मी कुठे काही घ्यायला गेले तर आधी तुमचं कर्ज दिसणार."

मी म्हटलं, मी हप्ता चुकवणार नाही. आणि असलं नाव तर असलं. बँकेच्या कागदाला काय चावायला दात आहेत?

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता भांडेल, मी तयारच होतो. पण भांडली नाही. "तुमी बदललाच नाय," एवढंच म्हणाली. माणसाने एकसारखं राहावं, मीही तेच म्हणतो. साडी डिकीत होती. ती गप्प होती म्हणून काढली नाही, पुढच्या वेळी देईन.

१२ मार्च, गुरुवार

जिंकलो.

मी आत गेलो तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. म्हणाली, "डंपर तुम्ही घ्या. कर्ज गेल्या महिन्यात संपलं आहे, गाडी मोकळी करून तुमच्या नावावर करते. फ्लॅटची हक्कसोडही करते. बदल्यात दोन गोष्टी. डंपरची भाडी दाखवून बँकेतून माझं नाव काढायचं. आणि दुसरं मॅडम सांगतील."

दुसरं असं, की अर्ज केल्यावर कोर्ट सहा महिने थांबायला लावतं, कोणाचं मन बदललं तर बदलावं म्हणून. पण दोघं बराच काळ वेगळे राहत असतील, सगळं ठरलेलं असेल आणि दोघांनी मिळून मागितलं, तर ते सहा महिने माफ होऊ शकतात. तिला ते माफ करून हवेत. त्याला माझी सही लागते.

सहा महिन्यांच्या बदल्यात दहा चाकी डंपर, तोही बिनकर्जाचा! असा सौदा मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. मी मॅडमना म्हटलं, यात काही खोच नाही ना? मॅडम म्हणाल्या, "खोच नाही. वाचून सही करा. तसल्लीने वाचा."

मी मनिषाला विचारलं, एवढी घाई कशाची? डंपरसाठी तर जिवावर उठली होतीस.

"डंपर माझा जीव आहे," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "पण मला आता गुरुवार नकोत."

मॅडम उठून पाणी प्यायला गेल्या. कागद माझ्यापुढे होते. मनिषाने पेन्सिल घेतली आणि फुल्या मारून दिल्या. इथे, इथे आणि इथे. मी वाचलं नाही. वाचायला अक्षरं दिसायला पाहिजेत, ट्यूबलाइट नीट नव्हती. सह्या केल्या.

स्कूटर काढली, तिला म्हटलं चल. ती म्हणाली, बसने जाते. जिंकल्यावर माणसाला जसं वाटायला पाहिजे तसं अजून वाटत नाहीये, उद्या वाटेल.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. नवी गाडी घरी यायला याहून चांगला मुहूर्त नाही.

रामूने डंपर आणला, मनिषा बाजूला बसून आली. बिल्डिंगसमोर गाडी उभी केली. तिने पिशवीतून हार काढला, बोनेटला घातला, चाकाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. खोबरं मला दिलं, रामूला दिलं, वॉचमनला दिलं. स्वतःला ठेवलं नाही. मग गाडीला एक पूर्ण फेरी मारली, हात पत्र्यावरून फिरवत. टायरची हवा बघत असेल. एकविरा आईचा फोटो राहू दे का, मी विचारलं. "राहू दे," म्हणाली. "फूल ठेवत जा."

किल्ली माझ्या हातात दिली. मी वर चहाला बोलावलं. "नाही," म्हणाली. "उशीर होईल." मी म्हटलं, सोडतो. "नाही, नको. बस आहे."

बसस्टॉप आमच्या गॅलरीतून दिसतो. बराच वेळ उभी होती. बस आली तेव्हा तिने एकदा डंपरकडे बघितलं, वर नाही. साडी कपाटात होती. तिच्यामागे धावत जाऊन साडी देणं बरं दिसलं नसतं, रामू होता.

२६ मार्च, गुरुवार

दाढी केली. मग आठवलं.

२ एप्रिल, गुरुवार

काही नाही.

३० एप्रिल, गुरुवार

कोर्टाने नेमकी गुरुवारची तारीख दिली, म्हणून सकाळपासून बरं वाटत होतं. जांभळी साडी पिशवीत घेऊन गेलो.

मनिषा मॅडमशेजारी उभी होती, केस मागे घट्ट बांधलेले. साहेबांनी विचारलं, स्वखुशीने? ती म्हणाली हो. मला विचारलं. मी हो म्हणालो, ते ऐकू गेलं नाही, परत म्हणायला लावलं. सहा महिने माफ झाले. वाटणी जशी लिहून दिली तशी मान्य झाली. डंपरची भाडी बघून बँकेने तिचं नाव गेल्या आठवड्यात काढलं होतंच. फ्लॅट माझा, फ्लॅटचं कर्ज माझं, डंपर माझा, तिचं नाव कुठेच नाही. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

बाहेर पडल्यावर मी तिला चहाला म्हणणार होतो. पण टपरीपर्यंत यायच्या आत तिने मॅडमना मिठी मारली, मला हात जोडले, "येते, काळजी घ्या," म्हणाली आणि रिक्षात बसली. पाहुण्यांना जोडतात तसे हात. पिशवी माझ्या हातातच राहिली.

८ मे

डंपरबरोबर माझ्याकडे आलेल्या रामूने नोटीस दिली. चार दिवसांनंतर कामावर येणार नाही म्हणाला. मी म्हटलं, पगार वाढवतो.

"तसं नाय, दादा. वयनींनी नवी गाडी घेतलीय. त्यांनी बोलावलं."

"नवी? कर्ज कोणी दिलं तिला?"

"बँकेनं. आता त्यांच्या नावावर दुसरं कायच नाय ना," रामू म्हणाला. मग मान खाली घालून, "दादा, वाईट वाटून घेऊ नका. लायसन पन निघालं त्यांचं. एक दिवस त्या चालवनार, एक दिवस मी."

मी विचारलं, काचेवर काय लिहिलंय?

"कायच नाय. कोरी ठेवलीय."

मला हे गणित कळलं नाही. गाडीच हवी होती तर हीच ठेवायची होती. हिच्यावर तर नावही तिचंच होतं.

परवा आरटीओतून कागद आले, डंपर आता माझ्या नावावर. पेंटरही आला होता. म्हणाला, हे 'मनिषा' खरवडून काढतो, नवं काय टाकू? मी विचार केला. आईचं टाकावं तर ती म्हणेल माझं कशाला. दुसरं कोणाचं नाव आठवेना. म्हटलं, राहू दे, रंग अजून चांगला आहे.

१४ मे, गुरुवार

सकाळी जास्मीन मॅडमना फोन केला. म्हटलं, एक वस्तू वाटायची राहिली आहे. हक्कसोडीची साडी. तिने तुमच्यासमोर मागितली होती, तुम्ही साक्षीदार आहात. आणि विळी. ती स्त्रीधन आहे, तुम्हीच म्हणाला होतात, ती मी ठेवून घेणं कायद्यात बसत नाही. मी दोन्ही घेऊन येतो, तुम्ही तिलाही बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे.

मागे कोणीतरी त्यांना फाइल मागत होतं.

"प्रणितभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमची फाइल मी बंद केली. वस्तू पाठवून द्या, मी पोचवते. तुम्ही येऊ नका."

मी म्हटलं, पाठवण्यासारखं नाही, विळीला धार आहे.

"डायरी लिहिता अजून?"

म्हटलं, हो.

"आता नाही लिहिलीत तरी चालेल," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रामू नाही म्हणून डंपर खाली उभाच आहे. नवा ड्रायव्हर बघतोय, मिळेल. मला स्वतःला दहा चाकी येत नाही, कधी शिकलो नाही, माणसं ठेवली होती. दुपारी खाली जाऊन केबिनमध्ये बसलो. आत तापलं होतं. एकविरा आईपुढचं फूल वाळलं होतं, ते काढलं, कुंपणावरची जास्वंद ठेवली. बाजूच्या सीटवर साडीची पिशवी ठेवली, तिच्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी. आतून बघितलं तर काचेवरचं नाव उलटं दिसतं, ते आज पहिल्यांदा कळलं. ती रोज तेच बघत असणार.

चार वाजेपर्यंत बसलो. चारला आमची चहाला निघायची वेळ व्हायची. पुढच्या गुरुवारी परत फोन करून बघतो, मॅडमचा मूड असतो कधी कधी.